वहिनी माहेरला गेली

नेट अडकून टीव्हीवर ते गोल चक्र फिरायला लागलं, की तुम्ही-आम्ही काय करतो? आधी कंपनीच्या सात पिढ्या उद्धरतो, मग रिमोट मांडीवर आपटतो. माझे लातूरचे घरमालक मात्र अशा वेळी जागेवरून अर्धे उठायचे, दोन्ही हात वर करायचे आणि अख्ख्या घराला गप्प करायचे.

“बोंबलू नका! रीळ बदलून राहिलाय त्यो. त्यो बी माणूसच हाय.”

हा ‘त्यो’ म्हणजे टीव्हीच्या आतला ऑपरेटर. काकांची ठाम समजूत होती की लांब कुठंतरी एक कोंदट खोली आहे, तिथं बनियनवर एक घामाघूम माणूस बसलेला आहे, आणि आपण बटण दाबलं की तो बिचारा कमरेवर हात ठेवून उठतो, पेटीतून आपलं रीळ काढतो आणि लावतो. मी तेव्हा लातुरात बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायचो. रोज दोनशे पोरांच्या डोक्यात प्रकाशाच्या लहरी कोंबणारा माणूस मी, एका घरमालकाला काय हार जाणार? मी त्यांना कॉम्प्युटर, केबल, समुद्राखालची तार असं सगळं तासभर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“सर, तुमचं समदं बरोबर हाय. पण पैल्यांदा बटण चालू करायला कुणीतरी गेलंच आसंल की!”

यावर फिजिक्समध्ये उत्तर नाही. मी पुस्तकं चाळून पाहिलीत.

काका स्वतः देगलूरच्या पत्र्याच्या थेटरात ऑपरेटर होते. थेटर पुढं बंद पडलं, तिथं मंगल कार्यालय झालं आणि काका-काकू लातूरला आले. पण देगलूर त्यांच्यातून काही आलं नाही. माणूस आयुष्यभर भिंतीतल्या वीतभर खिडकीतून सिनेमा बघत आला, तर त्याला मोकळ्या बैठकीत टीव्ही दिसेल कसा? काकांना दिसायचाच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, नजर घारीसारखी आहे. शेवटी काकांनी स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधल्या भिंतीला एक चौकोनी भोक पाडून घेतलं. लोकांना वाटायचं, चहाचे कप सरकवायला खिडकी केली आहे. कसली कप सरकवायची खिडकी! काका आत गॅसशेजारी उंच स्टुलावर बसायचे आणि त्या भोकातून टीव्ही बघायचे. “ऑपरेटरनं पब्लिकमदी बसू न्हाई,” म्हणायचे. “इज्जत जाती.”

सिनेमा ते किलोवर तोलायचे. अमुक एक चित्रपट चांगला आहे का, असं विचारलं तर उत्तर यायचं, “सत्तावीस किलो. येष्टीच्या टपावरून उतरवताना दोन हमालांच्या कमरा गेल्या.” नव्या सिनेमांविषयी त्यांचं मत वाईट नव्हतं, पण त्यांना कीव यायची. “हवेतून येतंय सर. वजन न्हाई. ज्याला उचलावं लागत न्हाई, ते बघताना बी मानूस लोळत बघतंय.”

त्यांची मुलगी शालन नांदेडला दवाखान्यात सिस्टर होती. तिनं हा मोठा टीव्ही घेऊन दिला, त्यात ती सिनेमांची दुकानं बसवून दिली, आणि आमच्या गल्लीचा इतिहास बदलला. तोवर गल्लीत ज्यांच्याकडं असला टीव्ही होता, त्यांची रोजची गत एकच. हजार पोस्टरं वर-खाली सरकवायची, सरकवता सरकवता भात निवायचा, आणि शेवटी काहीच न बघता सगळे आपापल्या फोनमध्ये तोंड घालायचे. काकांच्या घरी ही भानगड नव्हती. पोस्टरं सरकत असताना भोकातून आवाज यायचा.

“वरून तिसरी. लावा.”

“काका, ही तर काळी-पांढरी आहे!”

“मग? तुज्या आजीचा फोटू बी काळा-पांढराच हाय. ती आजी न्हाई का?”

माझे विद्यार्थी रविवारी यायला लागले. ही अशी पोरं, की ज्यांना मिनिटभराच्या वर एका जागी नजर ठरवता येत नव्हती. माझ्या तासाला फळ्याला अंगठ्यानं वर ढकलायला बघायची. ती पोरं तीन-तीन तास जुने सिनेमे बघू लागली. कारण सोपं होतं. सिनेमा लागला की रिमोट भोकाच्या पलीकडं जायचा. पुढं ढकलायची सोय नाही, मधे उठायची सोय नाही. बरोबर अर्ध्यात काका टीव्ही थांबवायचे, थेटरातून आणलेली बेल ठणाणा वाजवायचे आणि ओरडायचे, “इंटरवाल!” मग त्याच भोकातून मुरमुऱ्याच्या सुशीलाच्या बशा बाहेर यायच्या. पोरं सिनेमासाठी यायची की सुशीलासाठी, हा प्रश्न मी विचारला नाही. दोन पोरांनी मात्र मला येऊन गंभीरपणे सांगितलं, “सर, पूर्वीच्या लोकांनी किती चांगली पद्धत काढली होती! मधेच थांबतं आणि खायला मिळतं!”

टीव्ही आपणहून काही सिनेमे पुढं करतो ना, ‘तुमच्या आवडीचे’ म्हणून? काकांना ते मायेचं वाटायचं. “बगा, माज्यासाठी काढून ठिवलंय त्यानं.” एका दिवाळीत त्यांनी टीव्हीसमोर फराळाचं ताट धरलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. चकली एक मिनिट धरली. काकूंनी विचारलं, “आवं, काय करून राहिलाव?” म्हणाले, “सणाला बी ड्युटीवर हाय बिचारा.”

इथवर ठीक होतं. निवृत्त ऑपरेटर, थोडा फिल्मी, चालायचंच. पण काकांच्या दोन सवयी मला काही केल्या उलगडत नव्हत्या.

पहिली, त्यांचा डावा हात. सिनेमात भिंतीवर हार घातलेला फोटो दिसला, की तो हात आपोआप वर उठायचा. हातात काडेपेटी. ती ते भोकाच्या डाव्या कोपऱ्यात धरायचे आणि फोटो जाईस्तोवर धरून ठेवायचे. काकांना कळायचंही नाही. एकदा शेजारी कुणाच्या तरी वर्षश्राद्धाला आम्ही गेलो. समोर हार घातलेली तसबीर. काका तिच्यापुढं जाऊन उभे राहिले ते जेवणं आटपेपर्यंत हललेच नाहीत. घरच्यांना वाटलं, किती जीव होता यांचा! प्रत्यक्षात काकांनी त्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं.

दुसरी सवय काकूंच्या माहेरची. काकूंचं माहेर देगलूरच. त्या बाई वर्षातून एकदा आठ दिवस म्हणून जायच्या. पहिल्या दिवशी काकांचे सहा फोन. दुसऱ्या दिवशी दहा. “जेवलीस का? उठलीस का? बसलीस का? आवाज असा कामून येतोय?” तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं काका देगलूरला दारात हजर, पिशवी न घेता. लातूरला आल्यापासून काकूंना माहेरी तिसरी भाकरी गोड लागली नव्हती.

काकू यावर गल्लीतल्या बायांसमोर त्यांना झोडायच्या, आणि झोडताना दाखला द्यायच्या तो वहिनीचा.

ही वहिनी म्हणजे एका जुन्या मराठी सिनेमातली. सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. तुम्ही लगेच शोधून लावाल आणि मग माझ्या नावानं शंख कराल. काकूंनी तो देगलूरला बघितला होता, तेव्हा शालन पोटात होती. त्यातल्या वहिनीचंही नाव शालन, म्हणून पोरीचं शालन. सिनेमाची गोष्ट काकू अशी सांगायच्या:

“सासरी लई राबली वहिनी. दिराचं केलं, नणंदंचं केलं. मग बाळंतपनाला बैलगाडीतून दवाखान्यात नेली. बाळ झालं आन् बाई जी सरळ माहेरला गेली, ती अकरा वर्सं आलीच न्हाई! लेकरू साळंत जाया लागलं, नवऱ्याचे केस पिकले, पन न्यायला जायाची छाती झाली न्हाई त्याची. अशी पायजे बाई! आन् आमचे हे बगा. तिसऱ्या दिशी दारात!”

गल्लीत या वहिनीचा फार वचक होता. एका घरी सून देवणीची, एका घरी उदगीरची. दोघींनीही आपापल्या गावात हा सिनेमा लहानपणी बघितला होता आणि दोघींचीही साक्ष तीच. नवऱ्याशी वाजलं की गल्लीतून आवाज यायचा, “वहिनीगत निगून जाईन, सांगून ठिवते!” आणि नवरे गुपचूप दळण आणायला बाहेर पडायचे.

हे बोलणं निघालं की भोकातले काका स्टुलावरून उतरून कुठंतरी जायचे.

शालन सातव्या महिन्यात माहेरपणाला आली आणि बॉम्ब फुटला. फोनवर तिला कुणीतरी एका जुन्या गाण्याचा तुकडा पाठवला होता. वीस सेकंदांचा. त्यात एक बाई जात्यावर बसून गात होती आणि खाली कुणा चावट माणसानं लिहिलं होतं, ‘ऑफिसमध्ये सोमवारी मी.’ शालन हसली, गाणं कुठलं म्हणून शोधत गेली, आणि शोधता शोधता थेट त्या सिनेमाच्या दारात जाऊन उभी राहिली.

“आई! तुजी वहिनी घावली! आपल्या टीव्हीतच हाय की, अख्खी फिल्लम!”

काकूंच्या हातातलं उलथनं खाली पडलं. “खरंच?”

“रविवारी डोहाळजेवण हाय न्हवं? ओटी भरायची, जेवायचं आन् समद्या जणींनी बसून बघायची. माजं नाव जिच्यावरून ठिवलं, ती बाई मी अजून बघितलीच न्हाई.”

स्वयंपाकघरात धप्पदिशी आवाज झाला. काका स्टुलावरून पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या गच्चीवरच्या खोलीत आले. अनवाणी. दाराला आतून कडी घातली. मला वाटलं, खोली खाली करायला सांगतायत.

“सर,” ते म्हणाले, “वहिनी माहेरला गेली न्हाई.”

“मग?”

“मेली.”

मी पुस्तक मिटलं.

“बाळंतपनात मेली. चौदा नंबरच्या रिळात. डॉक्टर भाईर येतो, चष्मा काढतो, आन् मग अकरा मिनटं नुसतं मरणच हाय.” काका खाटेवर टेकले. “पेटी नांदेडवरून शनिवारी रातच्याला आली. ऑपरेटरनं फिल्लम आधी एकट्यानं बघायची, फाटलीबिटली आसंल तर चिकटवायची, अशी रीत. म्या बघितली. आन् आमच्या हिला सातवा महिना. रविवारी पैलाच खेळ बायांचा, तिनं जागा धरलेली. सर, ही बाई फिल्लममदी कोंबडी कापली तरी दोन दिस जेवत न्हवती! म्हणलं, एक खेळ. एकच खेळ चौदा नंबर काढून ठिवू. तेराला सोळा... न्हाई, पंधरा जोडून दिला.”

“आणि कुणाला कळलं नाही?”

“कसं कळंल? तेरा नंबर संपताना बाई दवाखान्यात जाती. पंधरा चालू होतो तवा अकरा वर्सं गेलेली. पब्लिक म्हणलं, वहिनी कुठंय? कुणीतरी थर्ड क्लासमदून वरडलं, ‘माहेरला गेली आसंल!’ झालं. बाया खुशीत भाईर पडल्या. आटवडी बाजार भरला, गावोगाव बोभाटा. आता मंगळवारी चौदा नंबर परत लावायचा कसा? एका गावात वहिनी रविवारी जित्ती आन् मंगळवारी मेली? थेटर जाळलं आस्तं, सर! अकरा हप्ते चालली. अकरा हप्ते म्या तिला मरू दिली न्हाई.”

“आणि पेटी परत दिली तेव्हा?”

“चौदा नंबर राहिला माज्याकडंच. पेटी तशीच म्होरं गेली. उदगीर, देवणी, भोकर, पार इस्लापूरपर्यंत.” त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर अभिमान चमकला. “तिकडं पुन्या-मुंबईला मेली, सर. आपल्याकडं जगली.”

मग काडेपेटीचाही उलगडा झाला. पंधरा आणि सोळा नंबरच्या रिळात बैठकीच्या भिंतीवर, डाव्या कोपऱ्यात, वहिनीचा हार घातलेला फोटो होता. रोज तीन खेळ, अकरा हप्ते, काका प्रोजेक्टरपुढच्या खिडकीत काडेपेटी धरून उभे. पडद्यावर कोपऱ्यात काळा ठिपका दिसायचा. पब्लिक म्हणायचं, फिल्म जळालीय. पेटी पुढच्या गावांना गेली तीही ‘डाव्या कोपऱ्यात काडेपेटी धरा’ अशी चिठ्ठी घेऊनच. हात तेव्हापासून जो उचलला गेला, तो त्यांच्या ताब्यात परत आलाच नाही.

“सर, आता शालनला सातवा हाय. तीच फिल्लम, तेच दिस. पन माज्या हातात रीळ न्हाई.” त्यांनी मिटलेलं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. “तुमी फिजिक्सचे. चौदा नंबर गाळा.”

मी हिशेब मांडला. रिमोटचं एक बटण दाबलं की सिनेमा दहा सेकंद पुढं जातो. अकरा मिनिटांना सहासष्ट वेळा दाबावं लागणार. तेवढ्या वेळात एखादी आंधळी बाईसुद्धा विचारील, काय चाललंय. मग एकच मार्ग उरला, आणि तो लातुरात कुणालाही सुचला असता. लाईट घालवायची.

बेत असा ठरला. जिन्याखाली मीटरच्या फळीजवळ मी. दवाखान्याचं दार बंद झालं की काका दोनदा खोकतील. मी मेन स्विच पाडीन. बाया लाईटच्या नावानं बोटं मोडतील. मी मिनिटानं लाईट आणीन, टीव्ही पुन्हा पोस्टरांपासून सुरू होईल, आणि त्या गोंधळात काका भोकातून बटण दाबून धरून सिनेमा एकदम अकरा वर्षं पुढं लावून टाकतील. काकांनी तीन दिवस मान मोडून सराव केला. फोटोचाही बंदोबस्त झाला. टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यावर त्यांनी झेंडू आणि आंब्याच्या पानांचा एवढा मोठा गुच्छ लटकवला, की काकू म्हणाल्या, “टीव्हीचं लगीन हाय का?” काका म्हणाले, “शुभ आस्तंय.”

रविवार उजाडला. हिरव्या साडीत शालन, फुलांची वाडी, पंचवीस-तीस बाया, धपाटे, खीर, भजी. देवणीची सून पुढच्या रांगेत, उदगीरची तिच्या शेजारी. दुपारी सिनेमा लागला. बारा रिळं सुरळीत गेली. वहिनी पडद्यावर आली की टाळ्या. मधे बेल वाजली, सुशीला फिरला. मग तेरावं. बैलगाडी. कळा. दवाखाना. दार बंद.

खॉक. खॉक.

मी स्विच पाडला. “गेली मेली!” असा तीस कंठांतून गजर झाला. मी साठपर्यंत मोजलं, स्विच वर केला. टीव्ही जागा झाला, नेट जागं झालं, आणि टीव्हीनं जिथं सोडलं होतं तिथूनच, त्याच सेकंदाला, दवाखान्याच्या बंद दारापासून सुरुवात केली. ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती! आमच्या घरमालकाच्या थेटरात एकदा रीळ गाळलं की गाळलं. हे यंत्र विसरतच नाही. काकांची बोटं रिमोटवर घसरत होती.

खॉक. खॉक.

पुन्हा अंधार, पुन्हा तेच दार. तिसऱ्यांदा खोकला आला तेव्हा देवणीची सून खिडकीतून बाहेर बघून म्हणाली, “समोरच्यांचे पंखे तर फिरून राहिलेत की!”

आणि जिन्याखाली काकू माझ्यासमोर उभ्या राहिल्या. माझा हात स्विचवर.

“सर, तुमी हितं काय करून राहिलाव?”

“अर्थिंग बघतोय, काकू.”

“शिकवायचं सोडून? चला आत. भजी खावा.” त्यांनी मला नेऊन बायांच्या मधोमध बसवलं, भोकातून हात घालून काकांच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि बटण दाबलं.

मी भोकाकडं बघितलं. काकांनी हात जोडले होते. देवाला नाही, काकूंना नाही. टीव्हीला.

“भाऊ,” ते पुटपुटले, “धंदेवाले हाव आपुन दोघं. येवढं एक रीळ.”

आणि खोटं सांगत असेन तर माझी जीभ झडो, टीव्हीवर ते गोल चक्र फिरायला लागलं! बाया कण्हल्या. काकांचा चेहरा त्या भोकात पौर्णिमेसारखा उजळला. चक्र फिरतंय, फिरतंय, फिरतंय...

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आला. त्यानं चष्मा काढला.

आतला ऑपरेटर इमानदार निघाला.

पुढची अकरा मिनिटं नुसतं मरणच होतं. वहिनीनं पाणी मागितलं. दिराला उपदेश केला. नणंदेला किल्ल्या दिल्या. एक गाणं म्हटलं, कडव्यांसकट. काका भोकाखाली बसले होते; वर फक्त डावा हात दिसत होता, काडेपेटीसकट. आणि मग मला आवाज आला. शालनच्या बाजूनं. तिनं हिरवा पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. झालं! आता हिला दवाखान्यात न्यावं लागणार!

पदर तोंडातून सुटला, आणि शालन फिसकन् हसली. नुसती हसली नाही, लोळली.

“माय गं! ही मरून राहिली का ग्रामपंचायतीचं भाषण ठोकून राहिली? अगं, त्यो डॉक्टर उभा हाय न्हवं तिथं? त्याला म्हणा सलाईन लाव आधी, मग चष्मा काढ! दिवसभर कळा दिल्या आन् बाईचा गजरा हलंना! पप्पा, मी हप्त्याला दहा बाळंतपनं करते, अशी एक बी पेशंट बघितली न्हाई मी!”

उदगीरची हसली, देवणीची हसली, आणि बघता बघता तीस बाया वहिनीच्या मयताला पोट धरून हसत होत्या. ज्या सिस्टरच्या हातात निम्म्या नांदेडनं पहिला टाहो फोडला, तिच्यासाठी आम्ही तीन वेळा लाईट घालवली होती!

एकट्या काकू हसत नव्हत्या. त्या उठल्या. टीव्हीजवळ गेल्या. एव्हाना पंधरावं रीळ सुरू झालं होतं. त्यांनी कोपऱ्यातला झेंडूचा गुच्छ बाजूला केला. खाली हार घातलेला फोटो. त्यांनी तो बघितला. मग मागं वळून भोकातला हात बघितला. मग काडेपेटी. संसाराला तीस वर्षं झाली, की याहून जास्त पुरावा लागत नाही.

हसणं थांबलं.

“म्हंजी ती माहेरला न्हवतीच,” काकू म्हणाल्या.

“न्हाई,” भोकाखालून आवाज आला.

“तुमी काढलं?”

“हाव.”

“कामून?”

“तू पोटुशी व्हतीस.”

देवणीच्या सुनेनं हळूच विचारलं, “आन् आमच्या देवणीत?”

“पेटी तीच,” काका म्हणाले.

काकूंनी हातातला गुच्छ टीव्हीखाली ठेवला. मग म्हणाल्या, “म्हनून. मी माहेरला गेले की तिसऱ्या दिशी दारात. मी आपली म्हणायची, मानसाला भाकरी थापता येत न्हाई, म्हनून येतंय.”

भोकातला हात सावकाश खाली गेला. फोटो समोर असताना तो खाली गेलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. बाया आपापल्या बशांमध्ये भजी शोधायला लागल्या.

“परवा चाललेय मी देगलूरला,” काकू म्हणाल्या, “मोजून आठ दिस. शालनला बी नेते, जावयाची गाडी हाय. एक बी फोन करायचा न्हाई. दारात यायचं न्हाई. वहिनी मेली. मी न्हाई मेले.”

त्या मंगळवारी मायलेकी गेल्या. मी मनात पैज लावली, गुरुवारी काका देगलूरच्या गाडीत असतील. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. खालून ना टीव्हीचा आवाज, ना बेलचा. शनिवारी दुपारी मला राहवेना. खाली उतरलो.

फोन तुरीच्या डाळीच्या डब्यात होता, वर झाकण घट्ट लावलेलं. काका स्टुलावर बसून भोकातून बघत होते. बैठकीत चिटपाखरू नव्हतं. टीव्हीवर तेरावं रीळ, अगदी शेवट. बैलगाडीत वहिनी, मान जरा वर केलेली, डोळे उघडे. तिथंच थांबवलेली.

“कधीपासून?” मी विचारलं.

“मंगळवारपासून. त्या गेल्या तवापासून.”

“काका, आता तरी पुढं जाऊ द्या की. सगळ्यांनी बघितलंय.”

“जाऊ दिऊ. मंगळवारी त्या घरात पाय ठिवतील, तवा जाऊ दिऊ.”

तेवढ्यात टीव्हीवर अक्षरं उमटली. असं बराच वेळ काही हललं नाही, की तो विचारतो: तुम्ही अजून बघताय का?

काका स्टुलावरून अर्धे उठले. दोन्ही हात वर केले.

“बोंबलू नको, भाऊ,” ते म्हणाले. “रीळ बदलून राहिलोय.”